उसना दम

मी बोलतोय. इकडे तिकडे काय शोधताय? वर बघा, कौलांवर. दोन कौलांच्या सांध्यात अडकलेलं ते काळं रबर दिसतंय ना, तोच मी. खेळाडू मला माउथगार्ड म्हणतात. या घरची अंजनी मात्र मला कवळी म्हणायची. कवळी! असू दे, तिचा राग मी कधीच धरला नाही.

उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये खेळाच्या एका दुकानात मी डबीत पडून होतो. एके सकाळी बदलापूर गावातून अंजनीचा मुलगा प्रज्वल आला. कबड्डीत चढाई करणारा, आणि तोंडात पुरे बत्तीस दात. अशा माणसाची बत्तिशी वठते, तो बोलेल ते खरं होतं, असं गावात मानतात. लग्नघरची माणसं त्याला गाठून सांगायची, "पाऊस पडणार नाय, एवढं बोल बाबा." म्हणून अंजनीने त्याला बजावून धाडलं होतं, "कुणाचा गुडघा लागून दात पडंल. कायतरी घे तोंडात घालायला."

शेठने आधी तयार गार्ड पुढे केला. प्रज्वलने तो घालून "कबड्डी, कबड्डी" म्हटलं आणि गार्ड टुणकन काउंटरवर!

"ये नहीं चलेगा, शेठ. दम ऐकू आला नाय तर पंच बाद देतो."

"तो ये ले, साईं," शेठने मला काढलं. "गरम पानी में डाल, फिर दाँत से दबा. तेरे मुँह का हो जाएगा. डॉक्टर से नाप का बनवाएगा तो और अच्छा. पर एक मुँह का एक गार्ड. दुबारा उबाल के किसी और को मत देना."

का, ते त्याने सांगितलं नाही. रबर पातळ होतं म्हणून असेल. असेल बापडं.

घरी प्रज्वलने मला गरम पाण्यातून काढून दातांखाली दाबलं. चटका बसला, पण त्या दिवसापासून मी त्याचा झालो. त्याच्या एकेका दाताची खूण माझ्यात उमटली. आणि दम तरी काय त्याचा! समोरचे सातही जण दमायचे, याची कबड्डी तुटायची नाही.

त्याची धाकटी बहीण सोनियाही खेळायची. पोरगी चपळ, पण दम तोकडा. एकदा सरावात धाप लागून पकडली गेली आणि मैदानातच रडत बसली. प्रज्वल मला तोंडात ठेवूनच हसला.

"रडतेस काय वेडे? जा, माझा दम तुला दिला."

अंजनी कडेला उभी होती. तिचा चेहरा उतरला. "शुभ बोल रं नाऱ्या! थू थू कर आधी!"

तो नुसता हसला. थुंकला नाही. मी त्याच्या तोंडात होतो, मला ठाऊक आहे.

थोड्याच दिवसांनी तो उल्हास नदीत पोहायला उतरला आणि वर आलाच नाही. ज्याच्या दमाचं गावभर कौतुक, त्याचा दम पाण्यात गेला. लोक म्हणाले, पाण्याला ओढ होती. अंजनीने माझी डबी फळीवर मागे सारून ठेवली.

पुढे सोनियाची जिल्ह्याच्या संघासाठी निवड चाचणी ठरली. सरावात कुणाचं तरी कोपर लागून तिचा ओठ फाटला, तेव्हा तिचे प्रशिक्षक प्रमोद सर कडाडले, "गार्ड घाल, नाहीतर मैदानात पाय ठेवू नकोस." तिने फळीवरून मला काढलं. "दादाचा आहे की. उकळला की नवा." आणि टाकलं मला आधणात! मी जीव तोडून ओरडलो, पण रबराचं कोण ऐकतं? मी मऊ झालो, तिचे दात माझ्यात रुतले. खालच्या त्याच्या खुणा मात्र तशाच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सरावात ती चढाईला गेली आणि दम तुटेचना. टाळ्या काय, शिट्ट्या काय! मधली रेषा ओलांडून ती आपल्या अंगणात परत आली. इथे खेळाडू दम सोडतो. तिला तो सोडताच येईना. "कबड्डी, कबड्डी" चालूच, आणि आवाज जाड, खोल, पुरुषाचा. ओठ निळे पडत चालले. शेवटी तिने बोटं घालून मला ओढून काढलं आणि मातीवर ओंजळभर गढूळ पाणी ओकली. त्याला शेवाळाचा वास होता. सकाळपासून तिने पाण्याचा घोटही घेतला नव्हता हो!

तरी पोरीने मला टाकलं नाही. "दादाने दिलाय," असं म्हणत मला पुसून ठेवायची. रोज दम वाढत होता, आणि रोज मला बाहेर काढणं अवघड होत होतं. एक दिवस मी निघणारच नाही, या भीतीने मी गारठून जायचो.

चाचणीच्या सकाळी ती मला घालून ओट्यावर पुटपुटत बसली. आत भाकऱ्या थापणारी अंजनी पिठाच्या हातांनीच बाहेर धावली. लेकाचा आवाज आई विसरते होय?

"प्रज्वल?"

सोनियाचे डोळे आईकडे लागले होते, भेदरलेले. ओठांतून पाणी गळत होतं आणि दात उघडत नव्हते. अंजनीने बोटं घातली, बोटांतून रक्त आलं, तरी जबडा सुटेना. मग ती एकदम शांत झाली. पोरीच्या गालावर हात ठेवून लेकाशी बोलली, "दिलास तेवढा पुरे झाला रं बाळा. ती तुझी बहीण हाय. तिचा तिला ऱ्हाऊ दे."

जबडा सुटला. मी तिच्या पिठाच्या हातात पडलो.

दुधाचा दात पडला की गावातली पोरं तो कौलांवर फेकतात. अंजनीने मला तस्संच भिरकावलं. "उंदीरमामा, ह्याचे दात घे, माझ्या पोरीला तिचे दे!"

त्या दिवशी सोनिया चाचणीला गेलीच नाही. पुढे तिने दातांच्या डॉक्टरकडे माप देऊन स्वतःचा गार्ड करून घेतला. आता अर्ध्या चढाईत तिला धाप लागते, ती धापा टाकत घरी येते. ती धाप ऐकली की अंजनीचा जीव भांड्यात पडतो.

दुपारी वारा सुटला की माझ्या खाचांतून "कबड्डी, कबड्डी" सुरू होतं. मी करत नाही, शपथ! तो अजून चढाईवरच आहे. अंजनी हातातलं काम टाकून अंगणात येते, वर बघते. "आलास रं बाळा. रेषा ओलांडलीस, घरी आलास. आता सोड दम." मग आवाज थांबतो. पण दुसऱ्या दुपारी पुन्हा सुरू. अंजनीचे पुढचे दोन दात केव्हाच पडलेत, तिचं बोलणं वठणार कसं?

म्हणून तुम्हाला थांबवलं. जीभ फिरवून जरा आपले दात मोजा. पुरे बत्तीस भरले, तर जाण्याआधी वर बघून तेवढं एक बोला, "प्रज्वल, घरी आलास. सोड दम."