रजियाभाभींनी नापास केलेल्या खाटा

दोन हजार चार साली बाहेरगावचे एक डिझाइनचे प्राध्यापक लातूरच्या एमआयडीसीत आले. त्यांनी तय्यबच्या खाटांचे फोटो काढले, टेपनं मापं घेतली आणि विचारलं, कारखाने बंद पडलेल्या या भागात एवढ्या नव्या कल्पना सुचतात तरी कशा? तय्यबनं थोडा विचार केला. "बायको पास करून न्हाई राहिली, सर." प्राध्यापकांनी वही उघडी ठेवली, पण हे काही लिहून घेतलं नाही.

मी शिवशंकर. तय्यब आणि मी एकाच तेलगिरणीत होतो. तो फिटर, मी स्टोअरकीपर. गिरणी बंद पडली तेव्हा त्याच्याकडे वेल्डिंग मशीन उरलं आणि माझ्याकडे वडिलांचा एक प्लॉट. मग भूकंप झाला. त्याच वर्षांत लातूरच्या निकालांचा राज्यभर बोलबाला सुरू झाला. इथली माणसं घरात झोपायला तयार नव्हती आणि देवणीपासून कंधारपर्यंतची पोरं क्लाससाठी येऊन झोपायला जागा शोधत होती. मी प्लॉटवर हॉस्टेल बांधलं.

तय्यबची बायको, आमच्या रजियाभाभी, भूकंपात किल्लारीकडच्या माहेरी होत्या. दगडमातीचं घर बसलं. भाभी दुपारी जिवंत निघाल्या, पण तेव्हापासून छताखाली झोपल्या नाहीत. अंगणात बाज, पावसात वर मेणकापड. अशी अकरा वर्षं.

तय्यब हाडाचा फिटर. छत पडतं ना, मग छत पेलणारी खाट करायची. पहिलीला त्यानं गिरणीच्या भंगारातले चार जाड पाइप लावले आणि वर लोखंडी पत्रा ठोकला. भाभींनी एकदा वाकून पाहिलं. "कबर हाय ही."

ती खाट मी उचलली आणि वरच्या पत्र्यावर गादी टाकली. एका पोराच्या जागेत दोन पोरं मावली.

दुसरी खाट उंच होती, खाली शिरून बसायला मजबूत टेबल. "वर झोपायचं आन् खाली मरायचं व्हय?" ती अभ्यासाची खाट म्हणून हातोहात खपली. तिसरीला चाकं होती, म्हणजे धरणी हलली की दारातून बाहेर ढकलता येईल. "धरणी हलली तर ही आपणच जाईल की, मला घिऊन." हॉस्टेलवाल्यांना मात्र चाकांमुळे खाटेखालचं झाडून घेणं सोपं झालं. मागणी नांदेडपर्यंत गेली. गिरणीतले आठ बेकार फिटर तय्यबकडे कामाला लागले. सगळ्यांचं भलं झालं, एका भाभींचं सोडून.

प्राध्यापक येऊन गेले त्याच पावसाळ्यात भाभींना दुसऱ्यांदा न्यूमोनिया झाला. डॉक्टर खवळले. पुढचा पावसाळा उघड्यावर काढणार असाल तर माझ्याकडे येऊच नका, म्हणाले.

नेमकं तेव्हाच मी नांदेडला दुसरं हॉस्टेल काढलं आणि तय्यबला दोनशे खाटा सांगितल्या. एवढ्या कामाला त्याच्या घरच्या वर्कशॉपात जागा नव्हती, अंगणावर शेड टाकणं भाग होतं. तय्यबनं सरळ नकार दिला. "अंगण झाकलं तर ती झोपंल कुठं?"

माझं डोकं फिरलं. भाभींच्या तब्येतीची काळजी होती असं म्हणून पुण्य पदरात पाडून घेता येईल, पण खरं सांगतो, मला खाटा पाहिजे होत्या. भर दुपारी मी त्याच्या घरी गेलो. चौथी नापास खाट अंगणात उभी होती. तय्यब तिचा पाय कापत होता आणि भाभी शेजारी अंबाडी निवडत होत्या.

"भाभी, अकरा वर्षं हा माणूस लोखंड वाकवतोय," मी म्हणालो. "छताचं किती वजन पेलायला पाहिजे, ते एकदा सांगून तरी टाका!"

"छताचं कोण बोललं, भाऊ?" भाभींनी मान वर केली नाही. "घर पडलं तवा मला खरचटलं बी न्हाई. सांदीत व्हते."

"मग भीती कशाची?"

"वरून माणसं चालून राहिली व्हती. मला समदं ऐकू यायचं. मी वरडून राहिले, पर माझं वर जाईना." त्यांनी एक देठ मोडला. "सकाळी हे बी आले. रजिया, रजिया, दोनदा हाक मारली. मी ओ दिली. हे म्हणले, हितं कुणी न्हाई, म्होरं बघा."

तय्यबनं मशीन बंद केलं.

"दुपारी कुणाचं कुत्रं उकरायला लागलं, म्हणून निघाले."

"कधी बोलली न्हाईस," तय्यब म्हणाला.

"बोलून काय? तुमाला जलमभराची टोचणी."

मला माझ्या दोनशे खाटांची लाज वाटली. तय्यबनं खाटेचा कापलेला पाय परत जोडला. उशाच्या पाइपाला एक कडी वेल्ड केली आणि साखळीनं गिरणीतला मुठीएवढा बोल्ट टांगला. मग आम्ही दोघांनी ती खाट आतल्या खोलीत नेली. भाभी बराच वेळ उंबऱ्यात उभ्या राहिल्या आणि मग आत जाऊन आडव्या झाल्या. तय्यबनं दार लावलं.

आधी तो अंगणात उभा राहिला. भाभींनी आतून बोल्ट पाइपावर हाणला. ठण्ण. मग गल्लीच्या तोंडाशी. ठण्ण. मग मला घेऊन पार चौकातल्या टायरच्या दुकानापर्यंत गेला. तिथं ट्रकांचा कालवा होता. तय्यब कानामागं तळवा धरून उभा राहिला. मला काहीच ऐकू आलं नाही. तो मात्र पळत सुटला. पन्नाशीचा माणूस, चपला तिथंच राहिल्या. त्या उचलून मी मागून गेलो.

मी पोचलो तेव्हा दार सताड उघडं होतं आणि तय्यब धापा टाकत खाटेशी उभा होता. डोळे पुसायचंही भान त्याला नव्हतं.

"आलं ऐकू," तो म्हणाला.

स्लॅबच्या खाली पडल्या पडल्या भाभींनी त्याच्याकडे नीट पाहून घेतलं.

"आलात नव्हं? मग टाका शेड."