उजव्या पायाचा गिअर

सिद्धेशचं पोट ब्रेकवर चालतं. जर्मनीत ब्राउनश्वाइगजवळच्या एका कंपनीत तो मोटारींचे ब्रेक डिझाइन करतो, आणि सलग तीन शनिवार त्याला एका मोटारसायकलचा ब्रेक सापडला नाही. मी त्याची बायको, त्यामुळे हे सांगायचा हक्क मला आहे.

मोटारसायकल इटालियन, १९५७ची, १७५ सीसी. लाल टाकी, गुडघे टेकायला तिला दोन्हीकडे खळगे, खाली वाकलेलं हँडल आणि सीट एकाच माणसाची. मालक आमच्या मागच्या गल्लीतले बेकमान, वय एक्क्याऐंशी. गुडघे कुरकुरायला लागले म्हणून त्यांनी ती विकायला काढली. अट एकच: अंगणात एक फेरी नीट मारून दाखवायची. सिद्धेश त्या गाडीच्या प्रेमात पार वेडा झाला होता. मला मात्र ती नको होती. आमच्या केलरमध्ये, म्हणजे तळघरात, आधीच एक ट्रेडमिल धूळ खात पडली आहे. त्यामुळे अट ऐकून मला बरंच वाटलं.

कारण या गाडीचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्याला. पुण्यात दहा वर्षं बाइक हाणलेल्या माणसाचा उजवा पाय घाबरला की ब्रेकच शोधतो. ब्रेकच्या जागी गिअर पडायचा आणि गाडी थेट बेकमानांच्या जिरेनियममध्ये. पहिल्या शनिवारी दोन कुंड्या गेल्या, दुसऱ्या शनिवारी तीन.

तिसऱ्या शनिवारी मी मजा बघायला गेले. "लिंक्स, लिंक्स," बेकमान डावीकडे हात करून सांगत होते. कुंडी गेलीच. सिद्धेश हेल्मेट काढून पायरीवर बसला.

"जाऊ दे अरू, नाही जमत मला."

पीएचडीचा प्रबंध नापसंत होऊन परत आला होता तेव्हाही त्याचा चेहरा इतका उतरला नव्हता. मला फार वाईट वाटलं.

"दे ते हेल्मेट," मी म्हटलं.

"अगं, ही स्कूटी नाहीये."

सांगलीला बाबांची जुनी बुलेट होती, तिचाही गिअर उजवीकडेच. कॉलेजची तीन वर्षं मी ती चालवली. लग्नाला नऊ वर्षं झाली, त्याने कधी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

किक मारली आणि पायांना सगळं आठवलं. एक फेरी झाली. बेकमानांनी थांबायची खूण केली. मी थांबले नाही. तिसऱ्या फेरीला कळलं, मला ही गाडी हवी होती. सिद्धेशसाठी नाही, माझ्यासाठी.

बेकमानांनी काउफफरट्राग, म्हणजे विक्रीचा करार, काढला. सिद्धेश पेन घेऊन पुढे झाला.

"नाइन," म्हातारबुवा नकारार्थी मान हलवत म्हणाले, आणि कागद माझ्याकडे सरकवला.

आता पंचाईत अशी, की मोटारसायकलचं जर्मन लायसन्स फक्त त्याच्याकडे, आणि गाडी फक्त मला येते. त्यामुळे ती ढकलतच घरी न्यावी लागली. हँडल धरून सीटवर मी, मागून ढकलायला तो.

"मला शिकवशील ना?" त्याने धापा टाकत विचारलं.

"शिकवेन की," मी म्हटलं. "आधी माझी हौस फिटू दे."