तिसऱ्या शिट्टीनंतर

मी एक जुनी पितळी शिट्टी आहे. मित्रांनो, आता फार दमले आहे, त्यामुळे थोडक्यात सांगते.

कुठल्या कारखान्यात घडले ते आठवत नाही. आठवतं ते बसलिंगप्पांच्या गळ्यातलं आयुष्य. ते सोलापुरातले कबड्डीचे पंच, सगळे त्यांना आण्णा म्हणायचे. मी वाजले की धिप्पाड गडीसुद्धा मान खाली घालून मैदानाबाहेर जायचा. लोक माझं कौतुक करायचे. भारी वाटायचं, खोटं कशाला बोलू?

मग आण्णा बाजारातल्या विक्रेता संघाचे अध्यक्ष झाले आणि माझ्या नशिबी हातगाड्यांची रांग आली. टीव्हीवर त्यांनी ऐकलं की परदेशात कुठंतरी तिसऱ्यांदा गुन्हा केला की माणूस कायमचा तुरुंगात, आणि त्या कायद्याचं नावही खेळातलंच: तीन चुका की बाद. आण्णा खूश झाले. दुसऱ्याच दिवशी फळा लागला: ‘गाडा पांढऱ्या रेषेबाहेर दिसला की फाऊल. तिसऱ्या फाऊलला गडी बाद.’ म्हणजे बाजारातली जागा गेली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. खेळातला शब्द लावला की शिक्षासुद्धा गमतीची वाटते.

दानम्मा कडक भाकरी विकायची. तिच्या जागेमागचा नळ सारखा गळायचा. ओल लागली की कडक भाकरी वातड होते, मग ती कोण घेणार? म्हणून ती गाडा पुढं ओढायची. दोनदा मी वाजले. तिसऱ्यांदा आण्णांनी मला तोंडाला लावलं तेव्हा ती म्हणाली, “आण्णा, नळ गळतोय की. मी काय हौसंनं फुडं येते व्हय?”

“नियम सगळ्यांना सारखा,” आण्णा म्हणाले.

“कबड्डीत बाद झालेला गडी परत जिवंत व्हतोय की. मला कवा जिवंत करणार?”

आण्णांनी फुंकलं. मी वाजले. तिच्या आईपासून चालत आलेली जागा गेली, आणि दानम्मा गाडा ढकलत घरी निघाली. मला फार वाईट वाटलं. पण शिट्टीला कोण विचारतंय?

रविवारी मैदानावर सामना होता. एकानं चढाईत समोरचा गडी टिपला आणि आण्णांनी सवयीनं त्याच्या संघातल्या बाद गड्याला आत बोलावलं. “चल, जिवंत,” ते म्हणाले. पुढं सामन्यात त्यांचं लक्ष नव्हतं.

सोमवारी त्यांनी प्लंबर आणून नळ दुरुस्त करून घेतला, फळा स्वतः पुसला आणि दानम्माच्या दारात जाऊन उभे राहिले.

“चल बाई. तुझी जागा मोकळी ठेवलीय.”

“आधी नळ बघते,” ती म्हणाली.

तिनं तोटीखाली बराच वेळ हात धरला. हात कोरडा राहिला. मग तिनं गाडा लावला, रेषेच्या आत. तिच्यासाठी मला पुन्हा कधी वाजावं लागलं नाही.

आता मी आण्णांच्या घरी खिळ्याला लटकते. काळी पडले आहे. मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा असं म्हणत नाही. एवढंच मागते: कुणाला बाद करायला मला फुंकाल, तेव्हा त्याला परत बोलवण्यापुरता दम छातीत शिल्लक ठेवा.