नेटनाथांची घंटा

वेणा नदीकाठच्या दवाखान्यासमोर त्या सकाळीही गर्दी लोटली होती. हिवाळा लागल्यापासून दवाखान्याचं नेट पहाटेच बंद पडायचं. मग नेटनाथ महाराज छतावर चढायचे, मंत्र म्हणायचे, घंटा वाजवायचे आणि नेट सुरू!

"नदीमाय रुसली होती, मनवली तिले!" असं म्हणत महाराज नारळांची पिशवी सावरत खाली उतरायचे.

डॉक्टर मेघा हे हसण्यावारी न्यायची. पण आज नानाजी बायकोला, देवकाबाईला, घेऊन आला होता. तिच्या छातीत कळा येत होत्या, अंगाला दरदरून घाम सुटला होता. मेघानं कार्डिओग्राम काढला. तो नदीपलीकडे हिंगणघाटच्या मोठ्या दवाखान्यात पाठवायचा, तर नेट बंद.

"गाडीत बसवा यांना. हिंगणघाटला निघायचं."

"थांबा ना बाई," नानाजी म्हणाला, "महाराज मंत्र म्हणूनच राह्यले. होते आता चालू."

"मंत्र संपेपर्यंत हृदय थांबलं तर?"

मेघानं ऐकलं नाही. देवकाबाई वेळेत पोचली, वाचली. मेघाची झोप मात्र उडाली.

पुढच्या धुक्याच्या सकाळी तीही छतावर गेली; मागोमाग नानाजी आणि चार लोकही चढले. मंत्र म्हणताना महाराजांची नजर सारखी नदीपलीकडच्या कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या उंच पाण्याच्या टाकीकडे जात होती.

"महाराज, आज नदीकडे पाठ करून म्हणा."

"तसं चालत नाई!"

"काऊन?" नानाजी म्हणाला. "मंत्राले डोळे लागतात काय?"

लोक हसले. महाराज पाठ करून बसले. मंत्र संपला, परत सुरू झाला, घसा बसला. शेवटी त्यांनी अंदाजानं घंटा बडवली. नेट बंदच. पुन्हा बडवली. बंदच. महाराज पाणी प्यायला खाली उतरले. ऊन वर आलं, टाकी दिसू लागली, तशी नर्स कोकिळा ओरडली, "बाई, आलं नेट!"

"आपलं नेट छतावरच्या या पेटीतून उजेडाच्या झोतावर त्या टाकीवरच्या पेटीकडे जातं," मेघानं सांगितलं. "तो झोत डोळ्यांना दिसत नाही. धुक्याचे थेंब त्याला विखरून टाकतात, गाडीच्या दिव्याला टाकतात तसेच. धुकं विरून टाकी दिसली की नेट आपोआप येतं, आणि महाराज नेमकी तेव्हाच घंटा वाजवायचे. आता आपण रेडिओ लहरींची पेटीही बसवू. तिला धुकं फारसं अडवत नाही. मुसळधार पावसात ती रेडिओची पेटी अडखळते, तेव्हा बहुतेक ही उजेडाची तग धरेल."

नानाजीनं मान खाली घातली. "मी तं देवकाले बसवूनच ठेवत होतो."

"तुम्ही एकटेच नाही," मेघा म्हणाली. "एखाद्या सकाळी घंटा न वाजवता नेट येतं का, हे आपल्यापैकी कोणीच पाहिलं नाही. तेवढं पाहायची सवय लावू या."