ओळख द्यायची नाही

बिस्किटाचा चुरा लागलेल्या बोटानेच विक्रेत्याने लॅपटॉपवरची यादी वर सरकवली आणि नावांची रांग धावू लागली. नाव, वय, व्यसन, कुणी आणून सोडलं. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"ही माणसं कोण?"

"खरी आहेत, मॅडम. तिकडे डोंगरापलीकडच्या एका केंद्राची यादी. खोट्या नावांनी दाखवण्यात काही मजा नाही."

"त्यांना विचारलंत?"

"कुणाला?" त्याला प्रश्नच कळला नाही.

समोर धाकटे दीर, केंद्राचे विश्वस्त, चहात बिस्किट बुडवत होते. व्यसनमुक्ती केंद्राच्या नोंदी आता कॉम्प्युटरवर न्यायच्या होत्या, त्यासाठी डेटाबेस निवडायचा होता. बाईंच्या मनातला महाग होता. त्यात प्रत्येक नोंदीला कुलूप, आणि ते कुणी उघडलं याचीही नोंद. हा विक्रेत्याचा जवळजवळ फुकट.

"वहिनी, आपल्याला काय रॉकेट उडवायचंय? दारुड्यांची नावं तर ठेवायचीत!"

बाईंनी आपला कप न पिताच बाजूला सारला. यजमानांनी दोन खोल्यांत हे केंद्र काढलं तेव्हा एकच लोखंडी कपाट होतं आणि त्याची किल्ली बाईंच्या कमरेला. यजमानांचा नियम होता, पेशंट बाजारात समोर आला तर आपण ओळख द्यायची नाही. त्याने दिली, तरच. इथे उपचार घेऊन गेलेल्या लेकीच्या मास्तरांकडेही त्या वर्षभर परक्यासारख्या बघत आल्या होत्या. आणि इथे माणसांची अब्रू चहाच्या कपाशेजारी उघडी पडली होती, आणि कुणाचा घास अडत नव्हता.

"तुम्हीच शोधून बघा ना, मॅडम. कुठलंही आडनाव टाका."

त्याची जिरवावी म्हणून बाईंनी स्वतःचंच टाकलं. त्या आडनावाचं घराणं एकच. काही सापडायचा प्रश्नच नव्हता.

एक ओळ आली. धाकट्या जाऊबाईंचं नाव. झोपेच्या गोळ्या. आणून सोडलं: पती.

जाऊबाई आजारी आईच्या सेवेला माहेरी गेल्यात, असं दिरांनी उन्हाळ्यापासून सगळ्यांना सांगितलं होतं.

"बघा, पापणी लवायच्या आत!" विक्रेता खुलला. "ओळखीच्या निघाल्या का?"

"नाही," बाई म्हणाल्या आणि टाकलेलं आडनाव पुसून ती ओळ पडद्यावरून घालवली.

दिरांच्या हातातलं बिस्किट चहात गळून पडलं होतं.

"महागातला घेऊ," ते भिंतीकडे बघत म्हणाले. "तुम्ही या आता."

विक्रेता पिशवी आवरून गेला. बाईंना हवं ते झालं होतं, पण किळस काही गेली नाही. ती त्या पोरावरून उठून दिरांवर जाऊन बसली. इतका वेळ दुसऱ्यांच्या बायका, दुसऱ्यांची मुलं सरकत होती, तोवर यांचा चहा गोड लागत होता.

दीर उठून दारापर्यंत गेले आणि तिथेच थांबले. बाई खिडकीशी उभ्या राहून दोरीवर वाळणाऱ्या वॉर्डातल्या चादरी बघत राहिल्या. बाजारात राहायच्या तशाच, पाठमोऱ्या.

मागून आवाज आला.

"वहिनी..."

तोंडात जमलेलं कडू त्यांनी गिळलं. वळल्या, आणि पेशंटच्या नातेवाइकांसाठी ठेवलेली खुर्ची पुढे ओढली.

"बसा, भावोजी."