हात वर दिसला म्हणजे

आमच्या शेडनेटमध्ये कुत्रं शिरलं तरी मी त्याच्यामागे काठी घेऊन धावते. त्या दिवशी तर आभाळातून अख्खा माणूस शिरला.

दुसरबीडपासून जरा आत आमचं शेत आहे. चहूबाजूंनी आणि वरूनही जाळी लावलेल्या या नेटमध्ये मिरचीच्या बियाण्याचा प्लॉट. नर झाडाचे पराग मादीच्या फुलाला हाताने लावायचे, लावलेल्या फुलाला लोकरीचा धागा बांधायचा आणि बाहेरची एक मधमाशी आत येऊ द्यायची नाही. माशी आली की कुठले तरी भलतेच पराग आणणार, बियाण्यात भेसळ होणार आणि कंपनीच्या तपासणीत प्लॉट फेल. सगळी मेहनत पाण्यात. म्हणून दाराला दोन पडदे आहेत. एक लावल्याशिवाय दुसरा उघडायचा नाही. माझा नवरा शेखर एकदा दोन्ही उघडे टाकून फोनवर बोलत उभा राहिला होता. त्याला मी कामाच्या बायकांसमोर काय काय बोलले, ते गावात अजून चवीने सांगतात. बायका माझ्या माघारी मला जेलर म्हणतात. म्हणोत बापड्या. जेलरचं बियाणं दरवर्षी पास होतं.

त्या दिवशी नाल्यापलीकडच्या मैदानावर माजी सैनिकांचा मेळावा होता. त्यांच्यातले चौघे विमानातून उड्या मारणार म्हणून सगळं गाव तिकडे लोटलं होतं. शेखरही सकाळीच इस्त्रीचा शर्ट घालून गेला. बायकांनी सुट्टी मागितली, तेव्हा फुलं काही मेळावा बघून उमलत नाहीत, असं मी सुनावलं. तरी सगळ्या गेल्याच. एकटी छाया राहिली, तीही तोंड फुगवून.

मैदानावरचा लाउडस्पीकर आत स्पष्ट ऐकू येत होता. पहिले तिघे नीट उतरले. दरवेळी टाळ्या आणि दरवेळी तेच वाक्य, "उतरल्यावर जवान उभा राहून एक हात वर करतो. हात वर दिसला म्हणजे सगळं ठीक!" चौथ्याच्या वेळी वारा फिरला. मी खाली मान घालून धागे बांधत होते.

"ताई, हा तं आपल्याच अंगावर येऊन राह्यला वो!" छाया ओरडली.

रस्त्याकडेच्या विजेच्या तारा चुकवायला त्याने छत्री वळवली, एवढं मी पाहिलं. मग टर्रकन नेट फाटलं, लोखंडी पाइप वाजला आणि तो मिरचीच्या वाफ्यात आडवा झाला. त्याची नारिंगी छत्री वरच्या भोकावर पसरली. आतला उजेडसुद्धा नारिंगी झाला.

खोटं कशाला बोलू? मी आधी भोक पाहिलं आणि मग माणूस. छत्रीने भोक झाकलं गेलं होतं, म्हणजे ती हलली नाही तर प्लॉट अजून वाचत होता.

तो तिशी-पस्तिशीचा असेल. उठून बसला, हेल्मेट काढलं आणि आजूबाजूला बघून म्हणाला, "माफ करा ताई, लई नुकसान केलं."

"नुकसानीचं मंग पाहू. कुठं लागलं?"

"काई नाई झालं मले." पाइपाला धरून तो उभा राहिला, दाखवायला म्हणून दोन पावलं चालला आणि परत खाली बसला. डाव्या बरगड्यांखाली हात दाबून धरलेला होता. "जरासा मुका मार हाय."

त्याचं नाव देवानंद, गाव सुलतानपूर. फौजेत बारा उड्यांत तेरा वेळा पडलो, असं हसत म्हणाला. तेवढ्यात लाउडस्पीकर बोलला, "चौथे जवान अजून दिसत नाहीत. अँब्युलन्स निघाली आहे. भिमाबाई, तुम्ही घाबरू नका."

त्याचं हसणं थांबलं. "माय हाय माही. पह्यल्यांदाच पाह्याले आली. तिले सांगून ठेवलं होतं, हात दिसला की समजायचं पोरगा बरा हाय. ताई, त्या शिडीवर चढून माह्या बदल्यात हात दाखवता काय? माह्यानं चढनं नाही होनार."

मी बाजूच्या जाळीतून बाहेर पाहिलं. नाल्याच्या काठाकाठाने लोक आमच्याकडे निघाले होते, मोटारसायकली वेगळ्या, आणि मागून सायरन. ही जत्रा नेटमध्ये शिरली असती तर दोन पडदे काय आणि दहा काय! हात दाखवला की सगळे होते तिथून परत फिरणार होते. त्याची माय निवांत, माझा प्लॉट निवांत. मला दुसरं काही सुचलं नाही, आणि सुचवून घ्यायचंही नव्हतं.

त्याचं हेल्मेट मी डोक्यात घातलं. साडीवर शेखरचा जुना शर्ट होताच, कामाला आम्ही सगळ्याच घालतो. छायाने शिडी धरली. छत्रीची कड जराशी सारून भोकातून कमरेपर्यंत वर निघाले आणि एक हात उंच केला.

काय टाळ्या पडल्या म्हणता! निवेदकाला तर चेवच आला. "भिमाबाई, बघा तुमचा वाघ!" लोक थांबले. अँब्युलन्स बांधावर थोडी रेंगाळली आणि मागे वळली. देशभक्तीचं गाणं लागलं. मला हायसं वाटलं, आणि ते त्या पोरासाठी नव्हतं.

खाली उतरले तर तो वाफ्यातच आडवा झालेला.

"पाह्यलं मायनं?"

"पाह्यलं."

"मंग झालं. जरासं पानी द्या."

छायाने तांब्या दिला. घोटभर पिऊन त्याने आणखी मागितलं. मग म्हणाला, "थंडी वाजून राह्यली." दुपारच्या वेळी आमच्या नेटमध्ये माणूस उभ्या उभ्या निथळतो, तिथे याला थंडी. मी वाकून पाहिलं. ओठ पांढरेफटक, कपाळावर गार घाम. पोटाला हात लावला तर फळीसारखं कडक.

"देवानंद, खरं सांग, काय होऊन राह्यलं?"

"काई नाई वो ताई. खांदा दुखते थोडा." डोळे मिटत होते, आणि तोंडात तेच, 'काई नाई'.

छायाला शेखरला फोन लावायला सांगितलं. त्याने तो कापला. नंतर कळलं की साहेब त्याच फोनवर शूटिंग करत होते. तिला दाराकडे पळवलं, पण दार दुसऱ्या टोकाला, मधे नाला, आणि गाडी तर परत मैदानाला लागलेली. मी पुन्हा शिडीवर चढले, दोन्ही हात हलवले, हेल्मेट ठोकून ओरडले, "गाडी आना! मानूस मरून राह्यला!" गाण्यात ऐकणार कोण? नाल्यापलीकडे लोक खुशीत आले आणि मलाच हात हलवून दाखवू लागले. पोरंटोरं नाचायला लागली. त्यांच्या लेखी पोरगा बरा होता, तसं मीच तर सांगितलं होतं. त्या क्षणी मला स्वतःचा इतका राग आला की शिडीवरून उडी मारावीशी वाटली.

खाली आले आणि कोपऱ्यातला विळा उचलला.

नाल्याकडच्या बाजूला गेले, हात पुरेल तिथून नेटमध्ये विळा घुसवला आणि जमिनीपर्यंत ओढला. पुढच्या खांबापाशी परत तसंच. दोन चिरांमधला जाळीचा पट्टा दोन्ही हातांनी धरून ओरबाडला. एक खांब, दुसरा, तिसरा. जाळी बोटांत रुतत होती. वारा भसकन आत आला, मिरच्या हलल्या, आणि मी रडत रडत फाडत राहिले.

पलीकडे काय झालं ते शेखरनेच नंतर सांगितलं. शूटिंग करता करता त्याला दिसलं की हेल्मेट घातलेला जवान आमचं नेट फाडतोय. मग अंगातला शर्ट ओळखू आला. त्याने फोन खिशात कोंबला आणि ओरडतच निवेदकाकडे धावला, "बंद करा ते गानं! ते माही बायको हाय! ते नेट फाडून राह्यली म्हंजे आत कोनीतरी मरून राह्यलं! गाडी फिरवा!"

गावातल्या एकानेही त्याला का म्हणून विचारलं नाही. बघता बघता गाणं बंद झालं.

गाडी बांध ओलांडून, मी केलेल्या भगदाडातून, थेट मिरच्यांच्या ओळीत शिरली. मीच हाताने दाखवत होते, या, अजून या. गाडीमागोमाग एक म्हातारी बाई पळत आली, पायात चपला नव्हत्या. न सांगताच कळलं ही भिमाबाई. देवानंदला स्ट्रेचरवर घेतलं होतं. तिला बघताच त्याने हात वर केला.

तिने तो मनगटाशी धरला आणि त्याच्या छातीवर ठेवला. "तू गप राह्य," म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "तू सांग वो बाई. कसा हाय?"

"मावशी, बरा नाही," मी म्हणाले. "मघाशी हात मी दाखवला होता. त्यानं नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं. हेल्मेट माझ्या डोक्यात तसंच होतं. तिने ते माझ्या डोक्यावरून उतरवून घेतलं आणि गाडीत त्याच्या उशाशी जाऊन बसली.

जालन्याला नेल्या नेल्या पोट उघडलं. आत रक्त साचत होतं. अजून उशीर झाला असता तर, एवढंच डॉक्टर शेखरला म्हणाले आणि वाक्य तिथेच सोडलं. इकडे दुसऱ्या दिवशी सकाळी मिरचीच्या फुलांवर माश्या घोंघावत होत्या. कंपनीचे लोक आले, उभ्या उभ्या प्लॉट फेल करून गेले. मी बांधावर बसून मिरच्यांसाठी रडले. पोरासाठी रडायची पाळी आली नव्हती, हे नशीब.

बऱ्याच दिवसांनी एका संध्याकाळी फोन आला. "ताई, देवानंद बोलतो. मी एकदम ठनठनीत हाय."

"तुह्या सांगन्यावर माहा भरोसा नाही," मी म्हणाले. "मायले दे."

तिकडे तो हसल्याचं ऐकू आलं आणि मग भिमाबाईचा आवाज. "ठनठनीत कायचा वो बाई! अंगनात एक चक्कर मारली की दम लागते. रात्री कूस बदलताना कन्हते. भाकर मात्र दोन टायमाची मांगून खाते."

"मंग बरा हाय," मी म्हणाले.