परवाचा डबा

आमचे हे कंपनीत नियोजन खात्याचे साहेब. घरच्या स्वयंपाकालाही नियोजन लागतं, हे त्यांच्या लक्षात यायला मुलं कॉलेजात जावी लागली, इतकंच.

रविवारी त्यांनी तीन दिवसांचं जेवण एकदम केलं. म्हणजे चिरलं मी, शिजवलं मी. यांनी डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या: आज, उद्या, परवा. मग सोफ्यावर रेलून म्हणाले, "बघ, डोकं चालवलं की हात चालवावे लागत नाहीत." माझी बोटं भाजली होती, नाहीतर टाळ्या वाजवल्या असत्या.

सोमवारी संध्याकाळी मी कामावरून आले, तर "परवा"चा डबा घासून पालथा घातलेला आणि चिठ्ठी ओट्यावर.

सासूबाई म्हणाल्या, "परवाचं शिळं कशाला ठेवता गं फ्रीजमध्ये? फेकून दिलं मी."

यांनी कपाळाला हात लावला. "आई, तो परवा अजून यायचाय!"

"मग तसं लिहायचं की. साहेब ना तू?"

हे फणकारले. "बरं, आता सगळा स्वयंपाक मी एकटा करून दाखवतो!"

"कधी?" मी विचारलं.

"परवा."

मी ओट्यावरची चिठ्ठी उचलून यांच्या शर्टाला चिकटवली. म्हटलं, "आता जरा आईंपासून लांबच राहा."